दिघीला बंदर आहे, पण रेल्वे नाही: मग दिघीकरांचं स्टेशन कोणतं? माणगाव स्थानकाचा इतिहास, सुविधा आणि रखडलेल्या रेल्वेमार्गाची गोष्ट

रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात राजपुरी खाडीच्या मुखाशी दिघी हे गाव आहे. समोर पाण्यात जंजिरा किल्ला, खाडीपलीकडे मुरूड तालुक्यातलं आगरदांडा आणि गावाला लागून मोठं व्यापारी बंदर. दिघीचं नाव बातम्यांमध्ये येतं ते बहुतेक वेळा या बंदरामुळे किंवा औद्योगिक प्रकल्पामुळे.

पण मोबाइलवर रेल्वेचं तिकीट काढताना 'दिघी' टाईप केलं, तर श्रीवर्धनजवळचं दिघी सापडत नाही. कारण इथे रेल्वे स्टेशनच नाही. दिघीच काय, श्रीवर्धन, म्हसळा आणि मुरूड या तिन्ही तालुक्यांच्या किनाऱ्यावर रेल्वेचा रूळ पोहोचलेला नाही.

मग इथली माणसं मुंबईला जाणारी गाडी कुठून पकडतात? या प्रश्नाचं उत्तर आहे माणगाव. कोकण रेल्वेवरचं हे स्थानक दिघीपासून रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. हे स्टेशन कधी झालं, तिथे काय सोयी आहेत, रेल्वे किनाऱ्यापर्यंत का आली नाही आणि दिघीला जोडणाऱ्या रेल्वेमार्गाचं पुढे काय झालं, हे समजून घेऊ.

रेल्वे येण्याआधी इथली माणसं मुंबई कशी गाठायची?

दिघी, म्हसळा, श्रीवर्धन आणि मुरूड हा सगळा भाग एकेकाळी जंजिरा संस्थानात होता. सिद्दी नवाबांचं हे संस्थान १९४८ मध्ये तेव्हाच्या मुंबई प्रांतात विलीन झालं आणि हा भाग कुलाबा जिल्ह्यात आला. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचं नाव बदलून रायगड करण्यात आलं.

त्या काळात कोकण किनाऱ्याचा खरा महामार्ग समुद्र होता. मुंबईहून निघालेल्या आगबोटी किनाऱ्यावरच्या बंदरांना माणसं आणि माल पोहोचवायच्या. पावसाळ्यात समुद्र खवळला की ही वाहतूक थांबायची. या प्रवासात धोकाही होता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' ही बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवाशांचा जीव गेला. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांत ही आठवण आजही सांगितली जाते.

पुढे रस्ते झाले, एसटी आली आणि बोटींचं महत्त्व ओसरलं. गिरणगावात किंवा बंदरात नोकरीला असलेला माणूस गणपतीला, शिमग्याला एसटीने गावी येऊ लागला. रेल्वे मात्र यायची होती.

कोकणात रेल्वे यायला एवढा उशीर का झाला?

भारतातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली. तिथून माणगावात गाडी पोहोचायला १४० वर्षं लागली, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. अंतर पाहिलं तर माणगाव मुंबईपासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवरच आहे.

यामागची कारणं दोन. पहिलं म्हणजे भूगोल. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे दर काही किलोमीटरवर एक नदी किंवा खाडी. रूळ टाकायचा म्हणजे बोगदे, पूल आणि डोंगर फोडून काढलेल्या खोल कटिंगशिवाय पर्याय नव्हता. दुसरं कारण पैशांचं. मालवाहतूक किती मिळेल याची खात्री नसल्याने एवढा खर्च करायला सरकार तयार होत नव्हतं.

अ. ब. वालावलकर यांच्यासारख्यांनी कोकण रेल्वेचा ध्यास घेतला होता. संसदेत बॅ. नाथ पै आणि नंतर मधू दंडवते यांनी हा विषय लावून धरला.

रेल्वे तुकड्या-तुकड्याने पुढे सरकली. साठच्या दशकात दिवा ते पनवेल मार्ग झाला. तो पुढे आपटा, पेण, नागोठणे करत १९८६ मध्ये रोह्यापर्यंत आला. हा विस्तार मुख्यतः या पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी होता. कुंडलिका नदीकाठचं रोहा हे तेव्हा रेल्वेचं शेवटचं स्टेशन होतं.

माणगावात पहिली गाडी कधी आली?

रोह्याच्या पुढची गोष्ट सुरू होते १९९० मध्ये. मधू दंडवते तेव्हा केंद्रात अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे कॉर्पोरेशनची स्थापना झाली. त्यात केंद्र सरकारसोबत महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ ही चार राज्यं भागीदार होती. ई. श्रीधरन हे महामंडळाचे पहिले अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक. १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्यात या मार्गाची पायाभरणी झाली.

रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर हा मार्ग सुमारे ७४० किलोमीटरचा. त्यात ९१ बोगदे आणि लहान-मोठे मिळून जवळपास दोन हजार पूल. संपूर्ण मार्गावर २६ जानेवारी १९९८ रोजी पहिली गाडी धावली आणि त्याच वर्षी मे महिन्यापासून मुंबई ते मंगळूर थेट प्रवासी वाहतूक सुरू झाली.

पण माणगावकरांना १९९८ पर्यंत थांबावं लागलं नाही. काम दोन्ही टोकांकडून सुरू होतं आणि जो टप्पा पूर्ण होईल तो वाहतुकीला खुला केला जात होता. दक्षिणेकडचा पहिला टप्पा म्हणजे ठोकूर ते उडुपी, मार्च १९९३ मध्ये सुरू झाला. उत्तरेकडचा पहिला टप्पा रोहा ते वीर. ४७ किलोमीटरचा हा टप्पा जून १९९३ मध्ये सुरू झाला. माणगाव याच टप्प्यात येतं. म्हणजे महाराष्ट्रात कोकण रेल्वेची गाडी सगळ्यात आधी ज्या गावांनी पाहिली, त्यात माणगाव आहे. १९९५ मध्ये मार्ग वीरहून पुढे खेडपर्यंत गेला.

मध्य रेल्वे कुठे संपते, कोकण रेल्वे कुठे सुरू होते?

प्रवाशाला गाडीत बसल्यावर फरक कळत नाही, पण रोहा ही एक हद्द आहे. रोहा स्टेशन मध्य रेल्वेचं. त्यापुढचा रूळ कोकण रेल्वेचा आणि कोकण रेल्वेचं अंतरही रोह्यापासूनच मोजलं जातं. रोह्यानंतर कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड आणि वीर अशी स्टेशनं येतात. माणगाव रोह्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. कोकण रेल्वेचं मुख्यालय नवी मुंबईत बेलापूरला आहे आणि माणगाव येतं रत्नागिरी विभागात.

या हद्दीचा परिणाम खिशावर होतो. कोकण रेल्वे बांधताना झालेला प्रचंड खर्च वसूल व्हावा म्हणून इथे तिकिटासाठी प्रत्यक्ष अंतर धरलं जात नाही. प्रवासी भाड्यासाठी अंतर ४० टक्के वाढवून धरलं जातं, तर मालवाहतुकीसाठी ५० टक्के. म्हणजे रोहा ते माणगाव ३० किलोमीटर असलं, तरी भाड्याच्या हिशोबात ते सुमारे ४२ किलोमीटर होतं. पनवेल ते रोहा या मध्य रेल्वेच्या भागात असा अधिभार नाही. "कोकणातच तिकीट महाग का?" हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचं उत्तर हे आहे.

नावांचा घोळ

या पट्ट्यातल्या स्टेशनांची नावं नवख्या प्रवाशाला हमखास गोंधळात टाकतात.

- इंदापूर: हे रायगड जिल्ह्यातलं इंदापूर. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्याशी त्याचा संबंध नाही.
- गोरेगाव रोड: हे मुंबईतलं गोरेगाव नाही, तर माणगाव तालुक्यातलं गोरेगाव.
- माणगाव: कोल्हापूर जिल्ह्यातही माणगाव आहे. १९२० ची प्रसिद्ध माणगाव परिषद तिथे झाली. सिंधुदुर्गात कुडाळजवळही एक माणगाव आहे. रेल्वे स्टेशन मात्र रायगडच्या माणगावला. त्याचा रेल्वे कोड 'एमएनआय' आहे. तिकीट काढताना तो पाहून घेतलेला बरा.

काही नावांपुढे 'रोड' का लागतं? गोरेगाव रोड, संगमेश्वर रोड, राजापूर रोड, सावंतवाडी रोड अशी बरीच स्टेशनं कोकण रेल्वेवर आहेत. स्टेशन मूळ गावापासून दूर आणि त्या गावाला जाणाऱ्या रस्त्यालगत असेल, तर रेल्वे असं नाव देते. 'रोड' दिसलं की पुढे रिक्षा किंवा एसटी करावी लागणार, हे समजावं.

माणगाव स्टेशनवर कोणत्या गाड्या थांबतात?

मुंबईकडून येणाऱ्यांसाठी मुख्य गाड्या अशा:

- मांडवी एक्स्प्रेस: सकाळी मुंबईहून निघते आणि मडगावला जाते. किनाऱ्याकडे जाणाऱ्यांसाठी ही सगळ्यात सोयीची, कारण ती दुपार होण्याआधी माणगावला पोहोचवते. पुढे म्हसळा, दिघी किंवा श्रीवर्धन गाठायला दिवसाचा उजेड हातात राहतो.
- कोकणकन्या एक्स्प्रेस: रात्री मुंबईहून सुटते.
- तुतारी एक्स्प्रेस: दादर ते सावंतवाडी. आधी तिचं नाव राज्यराणी होतं. २०१७ मध्ये केशवसुतांच्या 'तुतारी' या कवितेवरून ते बदलण्यात आलं.
- दिवा–सावंतवाडी गाडी: सकाळी दिव्याहून सुटते आणि छोट्या स्टेशनांनाही थांबते.
- दिवा–रत्नागिरी पॅसेंजर: दुपारी दिव्याहून सुटते. आरक्षण न मिळालेल्यांचा आधार.

कोकणकन्या आणि तुतारी या दोन्ही गाड्या माणगावला मध्यरात्रीनंतर येतात. स्टेशनवर उतरलेल्या प्रवाशाला त्या वेळी दिघीकडे जाणारी एसटी मिळत नाही. एक तर पहाटेपर्यंत स्टेशनवर थांबायचं किंवा खासगी गाडी ठरवायची. म्हातारी माणसं आणि लहान मुलं सोबत असतील तर हा खर्च टाळता येत नाही.

जून २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई–मडगाव वंदे भारत एक्स्प्रेस माणगाववरून जाते, पण थांबत नाही. लांब पल्ल्याच्या बहुतेक सुपरफास्ट गाड्यांचंही तसंच आहे.

दादरची गाडी दिव्याला का अडली?

या भागातल्या प्रवाशांची सगळ्यात मोठी तक्रार एका जुन्या गाडीबद्दल आहे. मार्च २०२० पर्यंत रत्नागिरी पॅसेंजर थेट दादरहून सुटायची. करोनाच्या टाळेबंदीत सगळ्याच गाड्या बंद झाल्या. त्यानंतर ही गाडी पुन्हा सुरू झाली ती दिव्यापर्यंतच.

कागदावर हा बदल छोटा वाटतो, पण लालबाग, परळ किंवा अंधेरीहून निघालेल्या कुटुंबाला आता सामान घेऊन आधी लोकलने दिवा गाठावं लागतं. गर्दीच्या वेळी दिव्याला बॅगा आणि मुलांसह उतरणं किती कठीण, हे लोकलने प्रवास करणाऱ्याला सांगायला नको. ही गाडी पुन्हा दादरहून सोडावी, ही मागणी प्रवासी संघटना सातत्याने करत आहेत. मुंबईतल्या स्थानकांवर फलाट आणि मार्गावर जागा शिल्लक नसणं, हा यातला मुख्य अडसर सांगितला जातो.

स्टेशनवर कोणत्या सोयी आहेत?

माणगाव हे मोठं जंक्शन नाही, पण दक्षिण रायगडसाठी महत्त्वाचं स्थानक आहे.

- तिकीट आणि आरक्षण: साध्या तिकिटाची खिडकी आहे आणि संगणकीकृत आरक्षणाची सोय आहे. श्रीवर्धन-म्हसळा भागातल्या ज्यांना ऑनलाइन तिकीट काढता येत नाही, त्यांच्यासाठी ही खिडकी महत्त्वाची ठरते.
- मोबाइल तिकीट: अनारक्षित तिकीट रेल्वेच्या अ‍ॅपवरून काढता येतं. जुलै २०२५ मध्ये आलेल्या 'रेलवन' अ‍ॅपमध्ये आरक्षित, अनारक्षित आणि फलाट तिकीट एकाच ठिकाणी मिळतं.
- आरक्षणाची मुदत: १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण सुरू झाल्यावर काही मिनिटांतच प्रतीक्षायादी लागते, हा दरवर्षीचा अनुभव.
- स्टेशनबाहेरचा परिसर: राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने कोकण रेल्वेच्या काही स्थानकांबाहेरील परिसराचं सुशोभीकरण हाती घेतलं. रायगडमधली कोलाड, माणगाव आणि वीर ही स्थानकं त्यात होती. प्रवेशद्वार आणि जोडरस्ते असं या कामांचं स्वरूप होतं. फलाटावरचं छप्पर, पाणी आणि स्वच्छतागृहं या गोष्टी रेल्वेच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या स्टेशनात आत पावसात भिजावं लागतं, अशी टीका या कामांवर झाली.
- मदत: गाडीची चौकशी, तक्रार किंवा तातडीच्या मदतीसाठी १३९ हा एकच क्रमांक आहे.

दुहेरी मार्गाचा माणगावला काय फायदा झाला?

कोकण रेल्वे मुळात एकेरी मार्ग म्हणून बांधली गेली. एकाच रुळावरून दोन्ही दिशांच्या गाड्या जातात. समोरून गाडी येत असेल तर एकीला स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबावं लागतं. साहजिकच एक्स्प्रेसला आधी वाट मिळते आणि पॅसेंजर ताटकळते. "आपली गाडी क्रॉसिंगला पडली" हे वाक्य कोकणातल्या प्रत्येक प्रवाशाने उच्चारलेलं असतं.

रोहा ते वीर या ४७ किलोमीटरच्या भागाचं दुहेरीकरण २०२१ मध्ये पूर्ण झालं. म्हणजे माणगाव आता दुहेरी मार्गावर आहे. इंदापूर, गोरेगाव रोड आणि वीरच्या पुढचं सापे वामने इथेही क्रॉसिंगची सोय झाली. संपूर्ण कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २० जून २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण करण्यात आलं.

पण फायदा अर्धाच मिळतो. वीरच्या पुढे बहुतांश मार्ग अजून एकेरी आहे. तिकडे गाडी अडली की उशीर माणगावपर्यंत येतोच.

पावसाळ्यात वेळापत्रक का बदलतं?

कोकण रेल्वेचं पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक असतं. अनेक वर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. २०२५ मध्ये हा कालावधी कमी करून १५ जून ते २० ऑक्टोबर करण्यात आला.

यामागे कटू अनुभव आहे. जून २००३ मध्ये सिंधुदुर्गात वैभववाडीजवळ रुळावर दरड आली आणि विशेष गाडी घसरून ५१ जणांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी, जून २००४ मध्ये रायगड जिल्ह्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. त्यानंतर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवणं, कटिंगच्या ठिकाणी जाळ्या आणि चौकीदार, रुळांवर रात्रंदिवस गस्त असे उपाय वाढवण्यात आले. गाडी उशिरा पोहोचते ती त्यामुळे. जूनपासून प्रवास करायचा असेल, तर जुन्या वेळेवर विसंबून घराबाहेर पडू नये.

रोह्याच्या अलीकडे, मध्य रेल्वेच्या हद्दीतही एक मोठा अपघात झाला. ४ मे २०१४ रोजी नागोठणे आणि रोहा यांदरम्यान दिवा–सावंतवाडी पॅसेंजर घसरली. त्यात अनेक प्रवाशांचा जीव गेला.

कोलाडहून ट्रक आणि मोटारी रेल्वेने कशा जातात?

माणगावच्या अलीकडचं कोलाड वेगळ्याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. २६ जानेवारी १९९९ रोजी इथून गोव्यातल्या वेर्णापर्यंत 'रो-रो' सेवा सुरू झाली. माल भरलेला ट्रक थेट रेल्वेच्या वाघिणीवर चढतो आणि घाटरस्ता टाळून पुढे जातो. डिझेल वाचतं, चालकाला विश्रांती मिळते.

२०२५ च्या गणेशोत्सवात कोकण रेल्वेने हीच कल्पना खासगी मोटारींसाठी वापरली. एका फेरीत ४० मोटारी आणि एका मोटारीसाठी ७,८७५ रुपये भाडं असं तिचं स्वरूप होतं.

माणगावहून दिघीला कसं जायचं?

दिघीला पोहोचण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला, माणगाव–म्हसळा–दिघी. माणगाव मुंबई–गोवा महामार्गावर आहे. स्टेशनवरून रिक्षाने एसटी स्थानक गाठायचं आणि तिथून म्हसळा, श्रीवर्धनकडे जाणारी गाडी पकडायची. दिवेआगर आणि हरिहरेश्वरला जाणारे पर्यटकही याच बाजूने जातात. पुण्याहून येणारे ताम्हिणी घाट उतरून माणगावलाच येतात.

दुसरा मार्ग रोह्याहून. रोह्याला उतरून रस्त्याने मुरूड, मग आगरदांडा आणि तिथून जंगलजेटीने खाडी ओलांडून दिघी. या बोटीत माणसांबरोबर दुचाकी, मोटारीही जातात. खाडीवर पूल बांधण्याची योजना आहे. तो झाला तर दिघी आणि मुरूडमधलं अंतर काही मिनिटांचं होईल. तोवर बोटीची वेळ पाहूनच निघावं लागतं.

दिघीचा रेल्वेमार्ग कुठे अडला?

दिघी बंदर खासगी सहभागातून विकसित करण्याचं काम २००२ च्या सुमारास सुरू झालं. कोणत्याही मालवाहू बंदराला रेल्वेजोड लागतेच. जहाजातून उतरलेला कोळसा, पोलाद किंवा कंटेनर केवळ ट्रकने हलवणं महाग पडतं. म्हणून रोहा ते दिघी असा रेल्वेमार्ग टाकण्याचं ठरलं. त्यासाठी रेल विकास निगमच्या भागीदारीत 'दिघी रोहा रेल लिमिटेड' नावाची कंपनीही स्थापन झाली.

मात्र बंदर चालवणारी कंपनी कर्जात बुडाली आणि प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. रेल्वेमार्गही तिथेच थांबला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अदानी पोर्ट्सने ७०५ कोटी रुपयांत हे बंदर ताब्यात घेतलं आणि दहा हजार कोटींहून अधिक गुंतवणुकीची घोषणा केली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशभरात बारा औद्योगिक शहरांना मंजुरी दिली. त्यात दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राचा समावेश आहे. सहा हजार एकरांहून मोठ्या या प्रकल्पासाठी ५,४६९ कोटी रुपयांचा खर्च अपेक्षित आहे. नावात दिघी असलं तरी याची जमीन आत, रोहा-माणगाव भागात आहे. म्हणजे माणगाव स्टेशनवरचा भार पुढच्या काळात वाढणार आहे.

मालगाडी आली म्हणजे प्रवासी गाडी येते का?

दिघीत रेल्वेची चर्चा निघाली की अनेकांना वाटतं, बंदरासाठी रूळ आला की गावाला स्टेशनही मिळेल. पण रायगडचाच अनुभव वेगळं सांगतो.

पेणहून अलिबागजवळच्या थळपर्यंत खत कारखान्यासाठी टाकलेला रेल्वेमार्ग कित्येक वर्षांपासून आहे. त्यावरून मालगाड्या धावतात. पण अलिबाग हे जिल्ह्याचं मुख्यालय असूनही तिथे आजवर प्रवासी गाडी सुरू झालेली नाही. उरणचं उदाहरणही तसंच. जेएनपीटी बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि मालगाड्या आल्या. उरणच्या प्रवाशांना लोकल मिळाली ती जानेवारी २०२४ मध्ये, तीही वेगळ्या प्रकल्पातून.

कारण स्पष्ट आहे. बंदराचा मार्ग माल नेण्यासाठी आणि बंदराच्या पैशातून आखला जातो. प्रवासी गाडीसाठी फलाट, सिग्नल यंत्रणा, कर्मचारी, सुरक्षा तपासणी आणि मुख्य म्हणजे पुढे मुंबईपर्यंत गाडीला जागा लागते. हे आराखड्यातच नसेल, तर नंतर मागून मिळवायला पिढी जाते. म्हणून दिघी, म्हसळा, तळा भागातल्या लोकांसाठी खरा प्रश्न रेल्वे कधी येणार एवढाच नाही. ज्या मार्गासाठी त्यांच्या जमिनी जाऊ शकतात, त्या मार्गावर त्यांच्यासाठी एखादा फलाट असेल का, हाही आहे.

पुढे काय?

दुहेरीकरण आणि नव्या सोयींसाठी कोकण रेल्वे महामंडळाकडे पुरेसा पैसा नाही, म्हणून ते भारतीय रेल्वेत विलीन करावं, अशी मागणी जुनी आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विलीनीकरणाला संमती दिली. 'कोकण रेल्वे' हे नाव कायम ठेवावं, अशी अट त्यात आहे. विलीनीकरण झालं तर अंतरावरचा ४० टक्क्यांचा अधिभार जाईल का, वीरच्या पुढचा मार्ग दुहेरी कधी होईल, याकडे प्रवाशांचं लक्ष आहे.

तोपर्यंत दिघीच्या माणसाचा प्रवास ठरलेला आहे. पहाटे उठून म्हसळामार्गे माणगाव गाठायचं, नाहीतर जेटीवरून पलीकडे जाऊन रोह्याची वाट धरायची. रेल्वेच्या नकाशावर दिघी नाही, पण माणगावच्या फलाटावर सामान सांभाळत उभ्या असलेल्या गर्दीत दिघीची माणसं हमखास असतात.